कारवानी कुत्री, पाच आठवड्यांची पिल्लं आणि घराच्या भिंतीवर चढणारे गोचीड. काय करू?

माळावरची_वस्ती (सांगोला तालुका)

राम राम मंडळी. जरा लांबलचक लिहितोय, पण पूर्ण वाचा. माझी झोप उडाली आहे.

आमची वस्ती माळावर. घर दगडी, मातीत बांधलेलं, वर पत्रा. पुढं पडवी आणि पडवीला लागूनच शेळ्यांची दावण. आजोबांपासून आमच्याकडं कारवानी कुत्री आहेत. त्यांच्या काळी ती सशामागं सोडत. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं ते बंद झालं आणि झालं ते चांगलंच झालं, पण कुत्री काही आमच्या घरातून गेली नाहीत. आता ती राखणीला असतात. मक्यात रानडुक्कर घुसलं की तीच पहिली उठतात. जात मात्र शिकाऱ्याची. रात्री सोडली की ओढा, बांध, घाणेरीची झुडपं सगळं पालथं घालून पहाटे परत येतात आणि अंगावर गोचीड घेऊन येतात.

गोचीड आम्हाला नवे नाहीत. दर पावसाळ्याच्या तोंडाला दोन-चार दिसायचे, आई चिमट्यानं काढून राखेत टाकायची. या वर्षी मात्र हद्द झाली.

मागच्या महिन्यात माझा सरज्या गेला. साडेचार वर्षांचा, २४ किलोचा, पळायला लागला की पाय जमिनीला टेकतात की नाही कळायचं नाही. एका सकाळी भाकरीला तोंड लावलं नाही. अंग तापलेलं. दुसऱ्या दिवशी जवळच्या दवाखान्यात नेलं, तिथं ऊन लागलंय म्हणून एक इंजेक्शन देऊन परत पाठवलं. मे महिना होता, मलाही ते पटलं. चौथ्या दिवशी पडवीच्या फरशीवर रक्ताचे थेंब दिसले. कुठं जखम झाली म्हणून बघतो तर नाकातून येत होतं. ओठ वर करून हिरड्या बघितल्या, त्या कागदासारख्या पांढऱ्या. तालुक्याला दुसऱ्या डॉक्टरांकडं पळवलं. त्यांनी कान उलटा करून बघितला आणि म्हणाले, हा गोचीडताप आहे, रक्त फार कमी झालंय. त्याच रात्री गेला. मी त्याला लिंबाखाली पुरला. चार दिवस मी ऊन लागलंय ऊन लागलंय म्हणत त्याला ताक पाजत बसलो, हे डोक्यातून जात नाही.

आता भिंगरी आहे, सरज्याची जोडीदारीण. तिला सहा पिल्लं, पाच आठवड्यांची. तिच्या कानात, बोटांच्या बेचक्यांत, शेपटीच्या बुडाशी गोचीड आहेत. रोज काढतो, दुसऱ्या दिवशी तेवढेच. परवा रात्री लाइट गेली होती म्हणून बॅटरी घेऊन पडवीत आलो तर भिंतीवरून बारीक तपकिरी ठिपके वर चढत होते. पत्र्याखालच्या वाशापर्यंत. देवाच्या फोटोमागं हात घातला तर तिथंही.

आणि काल माझ्या चार वर्षांच्या मुलीचे केस विंचरताना बायकोला तिच्या कानामागं एक सापडला. रुतून बसलेला. आईनं त्यावर रॉकेल लावलं आणि ओढून काढला.

शेळ्यांना लावायचं औषध होतं, ते मी अंदाजानं पाण्यात मिसळून भिंगरीला पुसलं. अर्ध्या तासात तिच्या तोंडातून लाळ गळायला लागली, मागचे पाय थरथरायला लागले. घाबरून साबणानं धुतलं. संध्याकाळपर्यंत सावरली. पुन्हा ते औषध हातात घ्यायचं धाडस नाही.

आबा म्हणतात, कुत्री आणि पिल्लं चुलत्याच्या मळ्यावर पाठवून दे, घर मोकळं होईल. मला ते जड जातंय, पण पोरीचा प्रश्न आहे. पाठवू का? की दुसरा काही उपाय आहे? आणि मुलीला डॉक्टरांना दाखवायची गरज आहे का?

---

बार्शीकडचा_गडी

दादा, सरज्याचं वाचून वाईट वाटलं. आमच्याकडं करंजाच्या तेलात कापूर घालून चोळतात, गोचीड गळून पडतात. घराला आतून चुना मारा. म्हशीच्या गोठ्यात आम्ही निंबोळी, वेखंड, हळद, लसूण, घाणेरीचा पाला वाटून फवारतो, त्यानं बराच फरक पडतो. कुत्र्याला पण तेच लावा, रसायन नको.

---

गोठ्यातला_डॉक्टर

मी पशुवैद्यक आहे, बावीस वर्षं ग्रामीण भागात काढली. थोडं सविस्तर लिहितो, कारण तुमच्यासारखी घरं मी दरवर्षी बघतो.

आधी मुलीचं. आजपासून दोन आठवडे तिच्यावर लक्ष ठेवा. ताप आला, डोकं दुखतंय म्हणाली, अंगावर आणि विशेषतः तळहात-तळपायांवर लालसर पुरळ दिसलं, तर त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांकडं न्या आणि "हिला गोचीड चावला होता" हे वाक्य तुम्ही स्वतः सांगा. ते विचारतीलच असं नाही. कुत्र्याच्या तपकिरी गोचिडातून माणसाला रिकेटशिया नावाच्या जंतूचा ताप येतो, त्याला आपल्याकडं टिक टायफस म्हणतात. लवकर ओळखला तर साध्या औषधानं बरा होतो, उशीर झाला तर अवघड होतो. एक गोचीड चावला म्हणजे आजार झालाच असं मात्र नाही. घाबरू नका, लक्ष ठेवा.

पुढच्या वेळी रॉकेल नको, काडी लावून चटका नको, तेल नको. तसं केलं की गोचीड जखमेतच लाळ ओकतो. बारीक टोकाचा चिमटा घ्यायचा, पोटाला नाही तर अगदी कातडीलगत तोंडाशी धरायचं आणि सरळ, सावकाश ओढायचं. मुरडायचं नाही. नखांनी चिरडायचं तर मुळीच नाही, त्यातलं रक्त तुमच्या हाताला लागतं. स्पिरिटच्या बाटलीत टाका, जागा साबणानं धुवा.

आता मुख्य गोष्ट. आबांचा मान राखून सांगतो, कुत्री घालवू नका. निदान आता तरी नाही.

तुमच्या भिंतीवर चढतो तो गोचीड गाई-म्हशींचा नव्हे. गाईचा गोचीड जन्मभर एकाच जनावरावर राहतो. हा कुत्र्याचा तपकिरी गोचीड. तो आयुष्यात तीनदा जेवतो, आणि प्रत्येक जेवणानंतर कुत्र्यावरून खाली उतरून भिंतीत शिरतो. अंड्यातून निघालेलं पिल्लू खसखशीएवढं, सहा पायांचं. ते रक्त पिऊन उतरतं, कात टाकतं, आठ पायांचं होऊन पुन्हा कुत्रं शोधतं. पुन्हा पितं, पुन्हा उतरतं. तिसऱ्यांदा मोठा गोचीड चढतो. त्यातली मादी रक्त पिऊन करड्या वाटाण्यासारखी फुगते, गळून पडते, एखादी फट बघून त्यात ४००० पर्यंत अंडी घालते आणि मरते. वर चढणं हा त्याचा स्वभाव आहे, म्हणून वाशात, चौकटीत, फोटोमागं सापडतो. तुम्ही रोज भिंगरीच्या अंगावरून काढता ते थोडके, उरलेली सगळी फौज तुमच्या दगडांच्या फटीत बसलेली आहे. म्हणूनच दुसऱ्या दिवशी तेवढेच दिसतात.

आता विचार करा, कुत्री चुलत्याकडं गेली तर त्या फौजेनं कुठं जायचं? उपाशी मोठा गोचीड कित्येक महिने तग धरतो. कुत्रं मिळालं नाही की तो पडवीत झोपणाऱ्या आबांकडं आणि तुमच्या मुलीकडं वळेल. वर चुलत्याच्या घरात तुम्ही नवं बियाणं पेराल ते वेगळंच. दोन घरांत मी हे डोळ्यांनी बघितलंय. कुत्रं सोडून दिलं आणि पंधरा दिवसांत घरातली माणसं अंग खाजवायला लागली.

उलट करायचं. भिंगरीला असं औषध द्यायचं की तिला चावलेला प्रत्येक गोचीड मेला पाहिजे. मग ती हिंडेल, फिरेल, पडवीत बसेल आणि भिंतीतला एकेक उपाशी गोचीड तिच्यावर येऊन मरेल. औषध दिलेलं कुत्रं हाच तुमच्या घराचा सर्वांत चांगला सापळा.

ते औषध म्हणजे चघळायच्या गोळ्या. अफोक्सोलानरची गोळी महिन्याला द्यावी लागते, सॅरोलानरची ३५ दिवस चालते, फ्लुरालानरची १२ आठवडे. वजन करून घ्यायची, अंदाजानं नाही. भिंगरी पाजती आहे, म्हणून तिला फ्लुरालानर, ते पाजत्या कुत्रीला चालतं. गोळी जेवणाबरोबर द्या. एक काळजी: ज्या कुत्र्याला कधी फेफरं, झटके आलेत त्याला या गटातली औषधं देताना डॉक्टरांशी बोलायचंच. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०१८ मध्ये याबद्दल सावध केलं आहे. किंमत ऐकून दचकाल. पण सरज्यासाठी शेवटच्या दिवशी जो खर्च केलात तो आठवा.

पिल्लांना गोळी नको, ती लहान आहेत. त्यांना लहान पिल्लांसाठी चालणारा फिप्रोनिलचा फवारा डॉक्टरांकडून वजनाप्रमाणे घ्या आणि रोज हातानं काढा. या वयात वीस-पंचवीस गोचीड लागले तरी पिल्लाचं रक्त कमी होतं. रोज हिरडी बघा, गुलाबी असली पाहिजे.

शेळ्यांचं औषध तुम्ही धुऊन काढलंत म्हणून ती वाचली. तुम्ही सांगता तशी लाळ आणि थरथर ही पायरेथ्रॉइड गटातल्या कीटकनाशकांच्या विषबाधेची खूण आहे. ज्यांच्या घरी मांजर आहे त्यांनी तर हे वाचून ठेवा, त्याच गटातल्या पर्मेथ्रिनच्या थोड्या अंशानंही मांजर मरतं. गाईच्या आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन कुत्र्याला टोचणारेही भेटतात. त्यानं गोचीड धड मरत नाही आणि डोस चुकला तर कुत्रं आंधळं होतं, कोम्यात जातं.

बार्शीच्या दादांना सांगतो, गोठ्यात तुमची ती फवारणी चालू ठेवा, वाईट नाही. पण कुत्रं अंग चाटतं आणि लसूण कुत्र्याला बाधतो, त्याच्या तांबड्या पेशी फुटतात. ज्या कुत्रीचं रक्त आधीच गोचीड पितायत तिच्यावर तो प्रयोग नको.

आता भिंगरीचं रक्त तपासा. सरज्याला जे झालं ते एर्लिकिया, म्हणजे गोचिडातून येणाऱ्या जंतूचा ताप, असावं. गोचीड चावल्यावर साधारण ८ ते २० दिवसांत ताप येतो, रक्तातल्या प्लेटलेट कमी होतात, मग नाकातून रक्त. तिला तेच गोचीड चावलेत, त्याच भिंतीतले. ती आज भाकरी खातेय म्हणून निश्चिंत राहू नका, काही कुत्री महिनोन् महिने आजार आत ठेवून हिंडतात. डॉक्टरांनी डॉक्सीसायक्लिन सांगितलं तर २८ दिवस पूर्ण द्या. पाचव्या दिवशी कुत्रं उड्या मारायला लागतं आणि लोक औषध बंद करतात, माझ्याकडं परत येणारी निम्मी कुत्री त्यातली असतात. कधी लघवी कोऱ्या कॉफीच्या रंगाची दिसली तर तो बबेसिया, गोचिडातूनच होणारा दुसरा आजार, त्याचं औषध वेगळं. आणि कारवानी अंगानं सडपातळ, चरबी नसलेली जात आहे, तिला कधी भूल द्यायची वेळ आली तर जात कोणती हे आधी सांगा.

घराचं: ती झोपते ती पोती जाळा. फटी मातीनं नाही, सिमेंटनं किंवा चुन्यानं भरा. भिंतींना डेल्टामेथ्रिनची फवारणी बाटलीवर लिहिल्याप्रमाणेच, दर पंधरा दिवसांनी, चार वेळा. अंडी फवारणीनं मरत नाहीत, ती फुटून बाहेर आलेली मरतात, म्हणून एकदा मारून उपयोग नाही. फवारताना मुलं, कुत्री, शेळ्या, पाणी सगळं बाहेर. भिंत वाळल्याशिवाय आत यायचं नाही.

तीन-चार महिने लागतील. मधे कंटाळू नका.

---

माळावरची_वस्ती

डॉक्टरसाहेब, तुमचं लिहिलेलं आबांना मोठ्यानं वाचून दाखवलं. "ती फौज आपल्याकडं वळेल" इथं आले तसे गप्पच झाले. कुत्री राहणार.

उद्या भिंगरीला घेऊन तालुक्याला जातो. पण एक अडचण. आमच्या बांधाला लागून भावकीतल्या एकाचं रेशमाचं शेड आहे, वाऱ्याच्या दिशेला. त्याची तुती आमच्या पडवीपासून तीस पावलांवर. अळ्या सध्या चौथ्या अवस्थेत आहेत. आमच्या फवारणीनं त्याची बॅच गेली तर पिढ्यान्‌पिढ्यांचं भांडण होईल.

---

गोठ्यातला_डॉक्टर

बरं झालं विचारलंत. फवारणी अजिबात करू नका. रेशीम अळीला डेल्टामेथ्रिनचा वाससुद्धा सोसत नाही, पानावर किंचित उडालं तरी बॅच बसते. मधमाशीचंही तेच.

तुमचं घर दगडी आहे त्याचा फायदा घ्या. पडवीच्या जोत्यावर आणि फरशीच्या सांध्यांत उकळतं पाणी ओता, आठवड्यातून दोनदा. बाहेरच्या दगडी भिंतीला ब्लो लॅम्प फिरवा, पण जवळ कडबा नसताना आणि पाण्याची बादली बाजूला ठेवून. लाकडी वाशांना मात्र ज्योत लावू नका, ते ताठ ब्रशनं खरडून खालचं सगळं गोळा करून जाळा. फटी लगेच बुजवा. वेळ जास्त लागेल, पण मुख्य काम भिंगरीची गोळी करणार आहे.

---

दोडामार्गची_काजूवाली

दादा, तुमच्याकडचा गोचीड आणि आमच्याकडचा वेगळा, पण कुत्रं रानात जातं हे सारखंच, म्हणून लिहिते.

आमची काजूची बाग दोडामार्ग तालुक्यात, जंगलाला लागून. २०१५ साली पलीकडे गोव्यात सत्तरीत माकडतापाचे रुग्ण सापडले आणि २०१६ मध्ये आमच्या तालुक्यात. त्या वर्षी काजू गोळा करायला माणूस मिळत नव्हता. हा ताप १९५७ मध्ये कर्नाटकात शिमोग्याकडच्या क्यासनूरच्या जंगलात पहिल्यांदा ओळखला गेला. रानातल्या बारीक गोचिडातून तो माकडांना होतो आणि माणसांनाही. डिसेंबर ते मे हा त्याचा काळ, नेमका काजूचा हंगाम. पाचोळ्यात वाकून बिया वेचायच्या म्हणजे हात आणि पाय त्याच पाचोळ्यात.

आमचा काळू रानडुकरांच्या मागे धावतो, आडवायला कोण जाणार. कुत्र्यामुळे माकडताप होतो असं नाही, पण रानातला गोचीड कुत्र्याच्या पाठीवर बसून अंगणात येऊ शकतो. म्हणून त्या वर्षापासून आमच्या घरात शिस्त आहे. काळू बागेतून आला की थेट आत नाही. तुळशीपलीकडे आंब्याला बांधायचा, सासूबाई चष्मा लावून बसतात आणि मान, काख, बोटं सगळं तपासतात. मग तो आत. माणसांचंही तसंच. बागेत जाताना पूर्ण बाह्या, पायजमा मोज्यांत खोचलेला, आरोग्य केंद्रातून मिळणारं, गोचीड लांब ठेवणारं डीएमपी तेल हातापायांना. आल्यावर कपडे उंबऱ्याबाहेरच गरम पाण्यात, मग कढत पाण्यानं आंघोळ. बागेत बसताना पाचोळ्यावर बसायचं नाही.

माकड मेलेलं दिसलं तर कुत्र्याला जवळ जाऊ द्यायचं नाही, आपणही हात लावायचा नाही, वनखात्याला आणि आरोग्य केंद्राला कळवायचं. आमच्या वाडीत हे आता शाळेतल्या पोरांनाही पाठ आहे.

तुमच्या मुलीला आमच्याकडून आशीर्वाद. तिचे केस थोडे दिवस आखूड ठेवा, तपासायला सोपं जातं.

---

पश्मीवाला_लातूर

मी पश्मी पाळतो, कारवानीचीच केसाळ बहीण. कान आणि शेपटीला झालर, त्यामुळं गोचीड दिसतच नाही, बोटांनी शोधावा लागतो. माझी पद्धत सांगतो.

डोळ्यांनी बघत बसू नका. संध्याकाळी भाकरी देण्याआधी कुत्रं दोन्ही गुडघ्यांत धरायचं आणि बोटांची टोकं केसांच्या उलट्या दिशेनं कातडीवरून न्यायची, सावकाश. बारका गोचीड मोहरीसारखा लागतो. जागा ठरलेल्या आहेत: कानाच्या पाळीची आतली घडी, पट्ट्याखालची मान, काखा, जांघा, शेपटीखाली, आणि सर्वांत जास्त चुकते ती पंजाची बेचकी. बोटं फाकवून गाद्यांच्या मधे बघा. कारवानी लंगडायला लागली की आपण काटा शोधतो, माझ्याकडं तीन वेळा काटा नव्हता, गोचीड होता. पापणीच्या कडेला असला तर ओढू नका, डॉक्टरांकडून काढून घ्या.

मी झाकणाची काचेची बाटली ठेवतो, त्यात स्पिरिट. रोज किती निघाले ते कॅलेंडरवर लिहितो. आकडा खाली यायला लागला की मनाला धीर येतो, आणि वर गेला की गोळीची तारीख चुकली हे लगेच कळतं. मेंढरांचे वाडे तुमच्या रानातून जात असतील तर त्या आठवड्यात जास्त निघतील, त्यांच्यासोबतची कुत्री आपल्या कुत्र्यांशी मिसळतात.

---

माळावरची_वस्ती

मंडळी, अकरा आठवड्यांनी लिहितोय. सगळ्यांना सांगायचं राहून गेलं होतं.

पहिलं म्हणजे मुलगी ठणठणीत आहे. दोन आठवडे रोज सकाळी तिचे तळहात आणि तळपाय बघत होतो, तिला वाटायचं बाबा गुदगुल्या करतोय. ताप आला नाही.

भिंगरीचं रक्त तपासलं. प्लेटलेट कमी होत्या, डॉक्टरांनी काचपट्टीवर रक्त पसरून बघितलं आणि एर्लिकिया सांगितलं. वरून बघाल तर काही कळत नव्हतं, शेपूट हलवत होती. डॉक्सीसायक्लिन २८ दिवस दिलं. त्यासाठी तिचं दूध बंद करावं लागलं, पिल्लं तोवर सहा आठवड्यांची झाली होती, त्यांना बाजरीच्या कण्या दुधात शिजवून सुरू केल्या. नवव्या दिवशी ती गोळी थुंकायला लागली, मग गुळाच्या खड्यात घालून दिली. तुम्ही लिहिलं नसतंत तर त्याच दिवशी मी बंद केली असती, खरं सांगतो. महिन्यानं पुन्हा तपासलं, प्लेटलेट भरल्या आहेत.

फ्लुरालानरची गोळी दिल्यावर तिसऱ्या दिवशी ती जिथं झोपली होती तिथं फरशीवर वाळलेले, पाय आवळलेले गोचीड पडले होते. मी ते कागदावर गोळा करून आबांना दाखवले. त्यांनी चष्मा लावून मोजले, एकतीस. तेव्हापासून रोज सकाळी ती उठली की जागा झाडून मोजायचं काम आबांनी स्वतःकडं घेतलंय. कॅलेंडरवर खडूनं नाही, पेनानं लिहितात. जूनमध्ये एका आठवड्याला दोनशेच्या वर आकडा होता. डॉक्टरसाहेब, तुम्ही सापळा म्हणालात ते मला तेव्हा नीट कळलं नव्हतं, आता रोज डोळ्यांसमोर दिसतं. भिंतीतले तिच्याकडं येतात आणि खाली पडतात.

भिंतीचं काम अवघड गेलं. चुलीवर दोन हंडे सतत, मी आणि बायको पाणी ओतत होतो. देवाचे फोटो काढून त्यामागच्या फटी सिमेंटनं भरल्या, आईला ते आधी आवडलं नाही. एका फटीतून तांबूस, चिकट अंड्यांचा पुंजका निघाला, साबुदाण्याच्या दहाव्या हिश्शाएवढे दाणे, शेकड्यांनी. तो शेगडीत टाकला. भावकीची रेशमाची बॅच सुखरूप निघाली, कोष चांगल्या भावानं गेले. फवारणी का केली नाही हे त्याला सांगितलं तेव्हा तो स्वतः येऊन पडवीच्या वाशांना ब्रश मारून गेला.

पिल्लं सहाची पाच राहिली. सर्वांत लहान मादी दुसऱ्याच आठवड्यात गेली, तिच्या हिरड्या पहिल्यापासून फिकट होत्या. तिथं मी उशीर केला. बाकीची पाच चांगल्या घरी गेली, प्रत्येकाला देताना कागदावर लिहून दिलं: रोज बेचकी बघा, ताप आला तर ऊन म्हणू नका, हिरडी बघा, रक्त तपासा. एक नर ठेवून घ्यायचा होता पण आबा म्हणाले, भिंगरीची दुसरी गोळी होऊ दे, भिंत कोरी होऊ दे, मग बघू.

दोडामार्गच्या ताई, तुमची आंब्याला बांधायची पद्धत उचलली. आमच्याकडं लिंब आहे. पहाटे भिंगरी ओढ्याकडून आली की लिंबाला थांबते, स्वतःहून पंजा पुढं करते.

मागच्या आठवड्यात सात दिवसांत मिळून चार गोचीड. काल आणि आज शून्य. दुसरी गोळी परवा द्यायची आहे.